पोलीस येईपर्यंतचे वीस सेकंद

इंदूरमध्ये देवास नाक्याजवळच्या एका मालवाहतूक कार्यालयात मी गेली 19 वर्षे हिशेब पाहतो. बिल्ट्या, भाडे, विम्याचे दावे आणि वाटेत फुटलेल्या मालाच्या तक्रारी यांतच माझा दिवस सरतो. अशा माणसाने वयाच्या 46 व्या वर्षी अंतराळातल्या जहाजांचा खेळ का खेळायला घ्यावा, असा प्रश्न घरच्यांना पडला, आणि त्याचे उत्तर माझ्या भाच्याकडे होते. ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात 27 जानेवारी 2014 रोजी एक प्रचंड लढाई झाली, ती जवळजवळ 21 तास चालली आणि तिच्यात टायटन नावाची 75 महाकाय जहाजे नष्ट झाली, असे त्याने एकदा जेवताना सांगितले. लढाईला निमित्त काय झाले, तर एका गटाकडून आपल्या ताब्यातील सिस्टिमचा, म्हणजे एका ताऱ्याभोवतीच्या प्रदेशाचा, हप्ता वेळेवर भरला गेला नाही. हप्ता चुकल्यामुळे युद्ध पेटते असे जग हिशेबनिसाने निदान एकदा तरी पाहिले पाहिजे, असे मला वाटले आणि त्याच रात्री मी खाते उघडले.

हा खेळ आइसलँडमधील रेक्यविकच्या सीसीपी या कंपनीने 6 मे 2003 रोजी सुरू केला. चीनमधील वेगळा सर्व्हर सोडला, तर जगभरातले खेळाडू एकाच विश्वात वावरतात, म्हणून रामबागेतल्या माझ्या खोलीत बसून मी ज्या लघुग्रहावरून खनिज काढतो, त्याच लघुग्रहाशेजारी पोलंडमधला कोणी विद्यार्थी किंवा कॅनडातला कोणी निवृत्त गृहस्थ येऊन उभा राहू शकतो, आणि मनात आले तर माझ्यावर तोफाही डागू शकतो. नष्ट झालेले जहाज परत मिळत नाही. आतील सामानापैकी साधारण निम्मे जळते आणि उरलेले अवशेषांत पडून राहते; ते जो उचलेल त्याचे. विमा मिळतो तो केवळ जहाजाच्या सांगाड्याचा, त्यावर बसवलेल्या यंत्रांचा किंवा आतल्या मालाचा नव्हे. हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले, कारण गाडीचा विमा आणि मालाचा विमा हे दोन निरनिराळे कागद असतात, हे नव्या व्यापाऱ्यांना समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे. इतके माहीत असूनही पुढे जे व्हायचे ते झालेच.

प्रत्येक सिस्टिमला 1.0 पासून खाली उतरत जाणारा सुरक्षेचा एक आकडा असतो. 0.5 आणि त्याहून वरच्या प्रदेशाला खेळाडू हाय-सेक म्हणतात, 0.4 ते 0.1 हा लो-सेक, आणि 0.0 व त्याखालचा नल-सेक. हाय-सेकमध्ये कोणी विनाकारण हल्ला केला, तर कॉन्कॉर्ड नावाचे पोलीस येऊन हल्लेखोराचे जहाज हमखास उडवतात. त्यांच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. लो-सेकमध्ये एका सिस्टिममधून दुसरीत नेणाऱ्या गेटवरच्या आणि स्टेशनवरच्या तोफा असतात, कॉन्कॉर्ड नसते. नल-सेकमध्ये तेवढेही नसते. या माहितीवरून मी असा निष्कर्ष काढला की 0.5 च्या वर राहिले म्हणजे झाले. त्या निष्कर्षाची किंमत मला तीन महिने मोजावी लागली.

पहिले जहाज मात्र मी माझ्याच वेंधळेपणाने घालवले, त्यात पोलिसांचा संबंध नव्हता. व्हेंचर नावाचे छोटे खाणजहाज नव्या खेळाडूला सुरुवातीलाच मिळते. ते चपळ असते, अंगभूत बळकटीमुळे पळणारे जहाज रोखून धरणाऱ्या एका साध्या अडकवणीने अडकत नाही, आणि नवख्यासाठी त्याहून चांगले काही नाही असे माझे आजही मत आहे. ते घेऊन मी ‘सर्वांत जवळचा मार्ग’ निवडला आणि पुढे धोक्याचा प्रदेश आहे असे सांगणारी खिडकी नेहमीच्या सवयीने न वाचता बंद केली. गेटच्या पलीकडे तिघे जण थांबले होते. गेटमधून बाहेर आल्यावर आपण हललो नाही, तर जवळजवळ एक मिनिट कोणालाही दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हते. बाहेर पडताच मी घाईने पुढचे बटण दाबले, दिसू लागलो आणि संपलो. जहाज फुटल्यावर खेळाडू पॉड नावाच्या छोट्या कुपीत उरतो. त्या कुपीत बसून मी जळत्या अवशेषांकडे बघत राहिलो, तेव्हा त्यांनी कुपीही फोडली आणि मी माझ्या मूळ स्टेशनवर नव्या देहात जागा झालो. भाच्याने एवढेच विचारले, “मामा, तुम्ही तिथे थांबलात कशाला?” मला वाटले होते की जे व्हायचे ते होऊन गेले. आता जहाज वाचत नाही असे दिसताच, ते फुटण्याच्या आधीपासूनच मी एखाद्या दूरच्या ग्रहाकडे वॉर्प करण्याचे, म्हणजे अतिवेगाने झेप घेण्याचे, बटण दाबत राहतो, म्हणजे कुपी बाहेर पडता क्षणीच निघून जाते. अंगात महागडी इम्प्लांट बसवल्यानंतर ही सवय जहाजापेक्षाही अधिक वाचवते, कारण कुपी फुटली की ती सगळी जातात.

त्यानंतर महिनाभर मी इमानेइतबारे खनिज काढले, पैसे साठवले आणि रिट्रीव्हर घेतले. या जहाजाच्या खनिजकोठाराची क्षमता मोठी असते, त्यामुळे पुन्हा पुन्हा स्टेशनवर जावे लागत नाही, आणि दिवसभर आकडे पाहून थकलेल्या माणसाला हा गुण फार मोहक वाटतो. उत्पन्न आणखी वाढावे म्हणून बचावाची यंत्रे काढून मी त्यांच्या जागीही खोदकाम वाढवणारीच यंत्रे बसवली. जहाज आणि यंत्रे मिळून साडेतीन कोटी इस्क झाले. इस्क हे तिथले चलन. सिस्टिम 0.5 ची होती, म्हणजे कागदोपत्री सुरक्षित. रात्री दहाच्या सुमारास, म्हणजे युरोपात संध्याकाळी, मी खोदकाम लावून स्वयंपाकघरात दूध तापवायला गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर कुपी होती आणि शेजारी पाच कॅटॅलिस्टचे अवशेष तरंगत होते.

मला राग हल्ल्याचा आला नाही, पोलिसांचा आला. ते आले होते, त्यांनी पाचही हल्लेखोरांना उडवले होते, आणि माझे जहाज तरीही गेले होते. भाच्याने शांतपणे समजावले, तेव्हा कुठे व्यवहाराचे गणित माझ्या लक्षात आले. कॅटॅलिस्ट हे स्वस्त विनाशक जहाज आहे. जवळून मारा केला तर त्याच्या तोफा त्याच्या किमतीच्या मानाने फारच मारक ठरतात. हल्लेखोरांना ठाऊक असते की आपली जहाजे जाणारच आहेत, म्हणून ती किंमत ते आधीच खर्चाच्या बाजूला मांडून येतात. उरतो प्रश्न इतकाच, की पोलीस येण्याआधी समोरचे जहाज फुटेल का. 1.0 च्या सिस्टिममध्ये पोलीस काही सेकंदांतच येतात, 0.5 मध्ये त्यांना सुमारे 20 सेकंद लागतात. या प्रकाराला खेळाडू गँक म्हणतात, आणि खेळाच्या नियमांत तो बसतो. कॉन्कॉर्ड गुन्ह्याची शिक्षा देते, संरक्षण देत नाही. संरक्षण त्या वीस सेकंदांपुरते तुमचे तुम्हाला करायचे असते. खरे तर रस्त्यावर लुटल्या गेलेल्या ट्रकच्या बाबतीत एफआयआरची प्रत हाती येते तेव्हा माल कधीच दुसऱ्या गोदामात पोहोचलेला असतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण जो नियम कार्यालयात पाठ असतो तो घरी येताना दारातच राहतो.

त्या रात्री मी एक जुनी खतावणी काढली आणि बुडालेल्या जहाजांची नोंद ठेवायला सुरुवात केली. खेळ प्रत्येक नुकसानीचा सविस्तर अहवाल देतो: कोणी, कशाने, किती मारा केला, काय जळले, काय उरले. त्यातले आकडे मी उतरवून घेतच असे, पण शेवटी स्वतःचा एक रकाना जोडला, ‘हल्ल्यापूर्वीच्या पाच मिनिटांत काय दिसत होते?’ हा रकाना भरण्यासाठी मला मागे जाऊन आठवावे लागले आणि त्यातूनच जे काही शिकलो ते शिकलो. रिट्रीव्हरच्या नोंदीसमोर मी प्रामाणिकपणे ‘दूध’ असे लिहिले आहे.

सर्वांत आधी दिसणारी गोष्ट म्हणजे लोकल. हाय-सेकमध्ये त्या सिस्टिममध्ये या क्षणी कोण कोण आहे, त्या सर्वांची नावे या यादीत दिसतात. वारंवार गुन्हे केलेल्यांचा वैयक्तिक सुरक्षा-दर्जा घसरत जातो. तो उणे 5 किंवा त्याहून खाली गेला की त्यांच्या नावापुढे लाल खूण येते आणि अशांवर कोणीही हल्ला केला तरी पोलीस हरकत घेत नाहीत. यादीत एकदम पाच-सहा लाल खुणा उमटल्या, तर ती मंडळी फेरफटका मारायला आलेली नाहीत असे समजावे. मी पूर्वी ही यादी छोटी करून कोपऱ्यात ढकलली होती, कारण तिच्यात लोक निरर्थक गप्पा मारतात. आता ती पडद्याच्या डाव्या बाजूला पूर्ण उंचीभर उघडी असते, आणि ज्यांनी मला किंवा माझ्यासमोर कोणाला एकदा मारले आहे त्यांची नावे मी लाल रंगाने नोंदवून ठेवली आहेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांची यादी ठेवणाऱ्याला ते जड जाऊ नये.

दुसरे डोळे म्हणजे डी-स्कॅन. जहाजाभोवती 14.3 खगोलीय एककांपर्यंत, म्हणजे सुमारे 214 कोटी किलोमीटरपर्यंत, कोणती जहाजे आहेत हे त्यातून कळते. सुरुवातीला त्याच्या खिडकीत स्टेशने, ग्रह, चंद्र यांची इतकी गर्दी दिसते की माणूस ती बंद करून टाकतो. गाळणी लावून केवळ जहाजे आणि शोध-प्रोब एवढेच ठेवले, की तीच खिडकी वाचता येते. लोकल सांगते कोण आले आहे. डी-स्कॅन सांगते काय घेऊन आले आहे. खाणीच्या पट्ट्यात बसलो असता यादीत चार कॅटॅलिस्ट उमटले, तर खात्री करत बसण्यात अर्थ नसतो. शोध-प्रोब दिसले तरी तेच, कारण कोणीतरी कोणाला तरी शोधत आहे आणि ‘तो मी नसेन’ असे मानण्याला काही आधार नसतो.

पाहिल्यानंतर निघायला किती वेळ लागतो, हा यापुढचा प्रश्न. वॉर्प सुरू होण्यासाठी जहाजाचे तोंड ठरलेल्या दिशेला हवे आणि वेग त्याच्या कमाल वेगाच्या 75 टक्क्यांपर्यंत पोहोचलेला हवा. जड खाणजहाजाला स्थिर अवस्थेतून एवढे करायला जो वेळ लागतो, तेवढ्यात हल्लेखोर येऊन अडकवणी लावून मोकळे होतात. म्हणून धोका जाणवताच, किंवा शक्य असेल तर आधीपासूनच, स्टेशनच्या दिशेने अलाइन होऊन जहाज चालते ठेवावे. मग बटण दाबताच ते निघते. अडचण अशी की चालता चालता लघुग्रह खोदकामाच्या टप्प्याबाहेर जातो आणि पुन्हा मागे यावे लागते. या कटकटीमुळे बहुतेक जण हा उपाय सोडून देतात, आणि त्यांना मी दोष देत नाही. मीही तो 0.7 च्या वरच्या सिस्टिममध्ये पाळत नाही.

पळण्याबद्दल मला आरंभी संकोच वाटे. होळकरांच्या गावात वाढलेल्या माणसाने संशयाची सावली दिसताच स्टेशन गाठावे हे काही शोभत नाही, असे मी भाच्याला बोलूनही दाखवले. त्यावर तो म्हणाला, “मल्हाररावांचे घोडदळ तरी कुठे तोफांसमोर रांगेत उभे राहत होते?” या उत्तराने माझा संकोच गेला तो गेलाच.

तरीही कधीतरी पळता येत नाही, आणि तेव्हा जहाज किती मारा सोसते एवढेच उरते. रिट्रीव्हरऐवजी मी प्रोक्युअरर घेतले. त्याचे उत्पन्न कमी आहे, पण कवच फारच दणकट आहे, आणि त्यावर डॅमेज कंट्रोल व कवच वाढवणारी यंत्रे बसवली, की ज्या टोळीला रिट्रीव्हर सहज फोडता येते तिला इथे आणखी बरीच जहाजे आणावी लागतात. हल्लेखोरही हिशेब करतात. शेजारी उघडे रिट्रीव्हर असताना ते प्रोक्युअररवर खर्च करत नाहीत. एकदा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माझ्याभोवती घिरटी घातली, माझी यंत्रे तपासली आणि वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्याच गृहस्थाला उडवले. मला त्या गृहस्थाचे वाईट वाटले, आणि आनंदही झाला हे नाकारत नाही. मी त्याला संदेश पाठवून कोणती यंत्रे बसवावीत ते कळवले. त्याने मला हल्लेखोरांचा हेर ठरवले.

खतावणीतली सर्वांत मोठी रक्कम मात्र खाणकामातली नाही, वाहतुकीतली आहे, आणि ती लिहिताना मला आजही अवघडल्यासारखे होते. चार महिन्यांत जमवलेला सारा माल, सुमारे 12 कोटी इस्कचा, मी एकाच साध्या मालवाहू जहाजात भरला आणि जिताकडे निघालो. जिता हे त्या विश्वातले सर्वांत मोठे बाजारपेठेचे ठिकाण आहे. आमची सराफा आणि सियागंज एकत्र करून शंभराने गुणले तरी तेवढी गर्दी होणार नाही. वाटेत उएदामा नावाची 0.5 ची सिस्टिम लागते. ती अशा हल्ल्यांसाठी बदनाम आहे, आणि नकाशावर गेल्या तासाभरात कुठे किती जहाजे नष्ट झाली हे पाहण्याची सोय असूनही मी ते पाहिले नाही. त्यातच ऑटोपायलट लावला. ऑटोपायलट गेटच्या बऱ्याच अलीकडे वॉर्पमधून बाहेर येतो आणि उरलेले अंतर बैलगाडीच्या गतीने कापतो. तेवढ्या अवकाशात आतला माल स्कॅन करून त्याची किंमत काढायला हल्लेखोरांना भरपूर वेळ मिळतो. तीन कॅटॅलिस्टांनी काम उरकले. पोलिसांनी त्यांना उडवले, आणि त्यांच्या चौथ्या साथीदाराने येऊन जवळजवळ 7 कोटींचा वाचलेला माल उचलून नेला.

कार्यालयात कोणी एकाच गाडीत एवढ्या किमतीचा माल, तोही मालाचा विमा न काढता, पाठवायला सांगितले असते, तर मी बिल्टी फाडली नसती. आता मी आधी मालाची किंमत काढतो, जहाजाचा टणकपणा पाहतो, आणि हल्लेखोराच्या बाजूने हिशेब मांडतो: त्याची जहाजे किती जातील, निम्मा माल हाती लागला तर त्याला काय उरेल? उरत असेल, तर माल दोन किंवा तीन फेऱ्यांत विभागतो. प्रत्येक गेटवर स्वतः हाताने शून्य अंतरावर वॉर्प करतो. ज्या स्टेशनांवरून नेहमी निघतो, त्यांच्या दाराच्या सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून पुढे एक खूण नोंदवून ठेवतो. जहाज बाहेर पडते तेव्हाच त्या दिशेने धावत असते, म्हणून दारात टपून बसलेल्यांना अडकवायला वेळच मिळत नाही.

फसवणुकीच्या प्रकारांबद्दल फार लिहीत नाही. जितात कोणी पैसे दुप्पट करून देतो म्हणाला, तर ते जगातल्या इतर दुप्पट योजनांसारखेच असते. द्वंद्वाचे आमंत्रण आले तर नाकारावे, कारण ते स्वीकारले की त्या दोघांपुरते पोलीस बाजूला होतात. अनोळखी पेटीतला माल उचलू नये. दुसऱ्याची वस्तू उचलली की आपण संशयित ठरतो आणि मग कोणीही आपल्यावर तोफ डागू शकतो. पडद्यावरचे सेफ्टीचे बटण हिरवे असेल, तर खेळ असे काही करूच देत नाही. माझे बटण पहिल्या दिवसापासून हिरवे आहे आणि तसेच राहील.

एका गोष्टीवर मात्र कोणताच उपाय मला सापडलेला नाही: पावसाळ्यातली वीज. जून-जुलैत आमच्या भागात दिवे गेले की जोडणी तुटते. अशा वेळी जहाज आपोआप कुठेतरी दूर वॉर्प करते आणि कोणाशी झटापट झालेली नसेल तर थोड्या वेळात अंतराळातून नाहीसे होते. पण दुसऱ्या खेळाडूवर आपण तोफ डागलेली असेल, तर ते पंधरा मिनिटे तिथेच उभे राहते, सापडेल त्याला सापडावे म्हणून. इन्व्हर्टरवर राउटर जोडून घेतला आहे. आभाळ भरून आले की मी खाणीत जात नाही.

गेल्या शनिवारी भाच्याचा फोन आला. परीक्षा संपल्यामुळे तो नव्याने खेळायला बसला होता आणि त्याचा सारा माल पाच सिस्टिम पलीकडच्या स्टेशनवर अडकला होता. “मामा, तुमच्या जहाजात जागा आहे, एका फेरीत आणून द्या ना,” तो म्हणाला. मी मालाची किंमत विचारली. त्याने सांगितली, तेव्हा मी तीन फेऱ्या करीन म्हणालो. तो वैतागला, कारण सर्व्हर रोज आपल्या साडेचारला देखभालीसाठी थोडा वेळ बंद होतो आणि त्याआधी त्याला जिताला पोहोचायचे होते. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत एका गेटवर दोन लाल नावे दिसली, म्हणून मी अलीकडच्या स्टेशनवर शिरून दहा मिनिटे थांबलो, आणि तेवढ्या वेळात त्याचे तीन फोन आले. तिसरी फेरी डॉक झाली तेव्हा घड्याळात चार वाजून बावीस मिनिटे झाली होती. मी खतावणी उघडली, तारीख घातली, नुकसानीच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि चहा टाकायला उठलो.